एकच आकाश, अनेक कल्पित विश्वे

मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योगांची पाहणी विद्यार्थ्यांकडून करवून घेताना आम्ही प्रथम नकाशावर समान चौकोन आखतो. कोणत्याही भागाला वाजवीपेक्षा अधिक वजन मिळू नये, एवढाच त्यामागील हेतू. वसाहत लहान, म्हणून हे साधते. पृथ्वीचा गोल मात्र कागदावर सपाट करू गेले की अन्याय सुरू होतो. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे.

हीच अडचण आकाशाच्या नकाशाची. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशाचा अवशेष १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांच्यामुळे उजेडात आला. सर्व दिशांनी येणाऱ्या या प्रारणाचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश, आणि त्यातील चढउतार लाखात एखाद्या भागाचे. आजच्या दीर्घिकांची बीजे त्या चढउतारांतच शोधावी लागतात. २००९ साली सोडलेल्या प्लांक उपग्रहाच्या नकाशांत आकाशगोलाचे प्रथम बारा समक्षेत्र भाग पाडले असून प्रत्येकाचे पुनःपुन्हा चार तुकडे केले आहेत. सर्वांत सूक्ष्म नकाशात ही संख्या पाच कोटी तीन लाखांवर जाते.

छायाचित्रे ओळखणारी न्यूरल नेटवर्के सपाट चित्रांवर वाढलेली. गोलावर त्यांचे पाऊल घसरते. २०१८ साली झुरिक व लोझान येथील संशोधकांनी ‘डीपस्फिअर’ या नावाने एक उपाय मांडला. आकाशाचा प्रत्येक तुकडा आपल्या शेजाऱ्यांशी धाग्यांनी जोडलेला आहे असे मानावयाचे, आणि हिशेब या जाळ्यावरून करावयाचा. गोल कसाही फिरविला तरी उत्तर फारसे बदलत नाही. बहुतेक तुकड्यांना आठ शेजारी असतात, काही थोड्यांना सातच. गोल आपला हट्ट पुरता सोडीत नाही तो असा!

येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाचे कान टवकारतात. आमच्यापाशी इतिहास एकच, खगोलशास्त्रज्ञांपाशी आकाश एकच. प्रयोग पुन्हा करून पाहण्याची सोय दोघांनाही नाही. म्हणून यंत्राला शिकवितात ते संगणकावर रचलेल्या कल्पित विश्वांवरून. पण ज्या गृहीतांवर ती विश्वे रचली, त्यांच्या बाहेरचे काही खऱ्या आकाशात असले तर? यंत्र तरीही उत्तर देईल, आणि तेही ठाम. आमच्या क्षेत्रात अशा प्रतिमानांनी दिलेली ठाम उत्तरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

पुण्याच्या ‘आयुका’तील तरुण सौरदीप यांनी अमीर हाजियन यांच्यासह २००३ साली नेमके असेच एक गृहीत तपासण्याची गणिती रीत दिली: आकाश सर्व दिशांनी सांख्यिकीदृष्ट्या सारखे आहे काय? तेथे यंत्र शिकविलेले नव्हते. प्रत्येक पायरी कागदावर मांडून पाहता येत होती. नव्या साधनांचे स्वागत अवश्य व्हावे, परंतु ही जुनी शिस्त त्यांच्या शेजारी जागती हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जयंत नारळीकर हे ‘आयुका’चे संस्थापक संचालक. १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था मुळातच विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांसाठी कल्पिलेली आहे. प्लांकचे नकाशे तर कोणासही विनामूल्य मिळतात. अंबरनाथ-उल्हासनगरकडील गणिताच्या अध्यापकांनी पुण्याची गाडी धरावयास हरकत कोणती? माझ्या वर्गातील दोघे विद्यार्थी सध्या त्या बारा तुकड्यांचे क्षेत्रफळ हातानेच काढीत बसले आहेत.