भिंतीला गाडीचा देश कळत नाही

तिरोड्याच्या बाजारात भर दुपारी उभे राहा आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांमधली 'फॉरेनची' गाडी ओळखून दाखवा. धानाची पोती लादलेली बोलेरो पिकअप? ती महिंद्राची, चोख देशी. मागची क्रेटा? कंपनी कोरियाची खरी, पण गाडी तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला बनलेली. वऱ्हाड घेऊन निघालेली इनोव्हा कर्नाटकातल्या बिडदीची. फोक्सवॅगन पोलो? नाव जर्मन, जन्म चाकणचा. आणि नागपूरहून एखादे बडे पाहुणे मर्सिडीजमधून आले असतील, तर तीही बहुधा चाकणलाच जोडलेली!

खरोखर जहाजातून उतरलेली गाडी आपल्या रस्त्यांवर विरळाच. तयार गाडी बाहेरून आणायची तर वर्षानुवर्षं किमतीच्या साठ-सत्तर टक्क्यांपासून शंभर टक्क्यांच्या वर आयातकर पडत आला आहे. कोण आणणार?

आता उलटी गंगा पाहा. सुझुकीची पाच दारांची जिम्नी हरियाणात बनते आणि जपानला जाते. जानेवारी 2025 मध्ये ती तिथे विक्रीला आली, तेव्हा चार दिवसांत सुमारे 50,000 मागण्या नोंदल्या गेल्या आणि कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. होंडाची राजस्थानात बनणारी एलिव्हेट जपानमध्ये डब्ल्यूआर-व्ही नावाने विकली जाते. म्हणजे टोकियोतल्या माणसाची 'इम्पोर्टेड' गाडी भारतातली!

मग देशी गाडी विदेशीच्या तोडीची आहे का, हा प्रश्न निकालात निघाला? छे, उलट आता तो नीट विचारता येतो. बोनेटवरचा बिल्ला बाजूला ठेवायचा आणि विचारायचं: गाडीचा आराखडा कसा आहे, पोलाद कसलं आहे, जोड कसे आहेत आणि परीक्षा कोणी घेतली आहे? यातली परीक्षा इतकी विलक्षण आहे की आधी तीच पाहू.

गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर नेऊन आदळवतात. अडथळ्याचं तोंड ॲल्युमिनियमच्या षटकोनी जाळीचं असतं, म्हणजे समोरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीसारखं ते थोडं दबतं. गाडीचा सगळा दर्शनी भाग त्यावर आपटत नाही. चालकाच्या बाजूचा फक्त 40 टक्के आपटतो. असं का? कारण समोरासमोरच्या अपघातात शेवटच्या क्षणी माणूस स्टिअरिंग ओढतोच आणि धडक अर्धवट बसते. ती पूर्ण धडकेपेक्षा वाईट, कारण सगळा मार अर्ध्या गाडीने सोसायचा असतो.

ताशी 64 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 18 मीटर. पाचव्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग साधारण एवढाच असतो. गोंदिया रस्त्यावर आपण याच वेगाला 'आरामात चाललोय' म्हणतो!

आता सोपं गणित करू. गाडी अवघ्या 10 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या 60 किलोच्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे 160 पट जोर येतो. जवळजवळ 10 टन. कोणताही देह ते सोसणार नाही. पण तीच गाडी 70 सेंटिमीटर चेपत चेपत थांबली, तर जोर 23 पटींवर उतरतो, म्हणजे 1.4 टनांच्या आसपास. छातीवर आणि कमरेवर नीट बसलेल्या पट्ट्यातून, क्षणभरासाठी, माणूस एवढा जोर सोसू शकतो. मरण आणि जगणं यांत अंतर किती? फक्त 60 सेंटिमीटर चेपलेल्या पत्र्याचं.

झाडावरून पडणारा नारळ आठवा. वरचं सोडण जाड आणि मऊ. ते दबतं आणि धक्का खाऊन टाकतं. आतली करवंटी कठीण. ती तसूभरही हलता कामा नये. चांगल्या गाडीचा सगळा आराखडा एवढाच आहे. पुढचा भाग ठरवून चेपायचा, बसायची खोली कोणत्याही परिस्थितीत चेपू द्यायची नाही. आपल्याकडे मात्र अजून बोनेटवर बोटं वाजवून 'पत्रा दणकट आहे' असा निकाल देतात. तो पत्रा जर्मन गाडीतही पाऊण मिलिमीटरच्या आसपासच असतो. गाडीची हाडं त्याच्या आत असतात, दिसत नाहीत.

हे सगळं होतं किती वेळात? सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. गाडी टेकल्यापासून 15-20 मिलिसेकंदांत संवेदक ठरवतो की हा खड्डा नव्हे, अपघात आहे. स्टिअरिंगमधल्या डबीत ठिणगी पडते, वायू तयार होतो आणि पुढच्या 30 मिलिसेकंदांत एअरबॅग पूर्ण फुगते. माणसाचं डोकं तिच्यावर टेकतं तोवर तिच्या मागच्या भोकांतून वायू निघायलाही लागलेला असतो. नाही तर ती फुगलेली पिशवीच डोक्याला उलटं फेकील. डोळ्याची पापणी मिटून उघडायच्या आत सगळा कारभार आटोपलेला!

आता गाडीची करवंटी. इथे गोष्ट आपल्या शेजारी येते. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. नागपूर-भंडारा-बालाघाट या पट्ट्यात मँगनीज निघायला लागून सव्वाशे वर्षं होऊन गेली. नागपूरची सरकारी कंपनी मॉइल आज देशातलं जवळपास निम्मं मँगनीज काढते. या काळ्या दगडाशिवाय गाडीचं पोलाद होत नाही. लोखंडात गंधक राहिलं तर ते लोखंडाशी संग करतं आणि तापवल्यावर पोलाद ठिसूळ होऊन तडकतं. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं. हे त्याचं साधं काम. खरी जादू पुढे आहे.

गाडीच्या दोन दारांमधल्या खांबासाठी एक खास पोलाद वापरतात. त्यात कार्बन 0.22 टक्के, मँगनीज सव्वा टक्क्याच्या आसपास आणि बोरॉन इतकं कमी की दहा लाख भागांत वीस-तीस भाग. हा पत्रा भट्टीत 900 अंशांच्या वर तापवतात. तो लालभडक होऊन यंत्रमानवाच्या हातातून दाबयंत्रात येतो. साच्याच्या पोटातून थंड पाणी खेळवलेलं असतं. साचा मिटतो आणि मिटलेलाच राहतो. पत्र्याला एकाच झटक्यात आकार मिळतो आणि तिथल्या तिथे तो सेकंदाला 30 अंशांच्या वेगाने निवतो. पोलादातल्या अणूंना आपल्या सवयीच्या मऊ रचनेत परत जायचं असतं. मँगनीज आणि बोरॉन त्यांना तेवढा वेळ मिळू देत नाहीत. अणू आहेत तिथेच, ताणलेल्या अवस्थेत अडकतात. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकद येते. एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या पट्टीला 15 टन टांगा, तुटणार नाही!

आणि हे कौशल्य कुणा एका देशाच्या तिजोरीत नाही. तोच नियम जर्मनीत आणि तोच चाकणला.

हे पत्रे जोडायचे कसे? तांब्याच्या दोन टोकांमध्ये दोन पत्रे दाबतात आणि सेकंदाच्या पाचव्या भागासाठी सुमारे 10,000 अँपिअर वीज सोडतात. घरच्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, हे लक्षात घ्या. पत्रे वितळून एकजीव होतात, मधे ना खिळा ना डिंक. एका गाडीत असे तीन ते पाच हजार टाके. टाका चांगला की वाईट, हे कारखान्यात कसं कळतं? नमुन्याचा जोड छिन्नीने चक्क फाडतात. चांगल्या टाक्याची खूण अशी की पत्रा फाटतो, टाका सुटत नाही.

ती वीज कुठून येते? राज्याच्या जाळ्यातून. त्या जाळ्यात तिरोड्याच्या औष्णिक प्रकल्पाचे 660 मेगावॉटचे पाच संच ओततात, एकूण 3,300 मेगावॉट. तिथल्या बॉयलरमध्ये हवेच्या दाबाच्या 220 पटींहून जास्त दाब असतो आणि त्या दाबाला पाणी उकळतच नाही. बुडबुडा न येता त्याची थेट वाफ होते! तिरोड्याने पुण्याच्या गाड्यांना काय दिलं, असं कुणी विचारलं तर हे सांगा.

एवढं ज्ञान हाताशी असताना आपण केलं काय? जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या आदळवल्या: अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो. प्रौढांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. देशी, जपानी, कोरियन, अमेरिकन, जर्मन, सगळे एका रांगेत नापास! पण त्यातली पोलो फार बोलकी आहे. तिचा सांगाडा शाबूत राहिला. शून्य मिळालं ते एअरबॅग नव्हत्या म्हणून. तीच चाकणची गाडी दोन एअरबॅग बसवून पुन्हा आदळवली, तर चार तारे. कारखाना तोच, कामगार तेच, पोलाद तेच. बिल्ल्याने काही वाचवलं नव्हतं. ग्राहकाने मागितलं नाही, कायद्याने सांगितलं नाही, म्हणून कंपनीने दिलं नाही. माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर या एका गाडीत आहे.

पुढे कायदा जागा झाला. ऑक्टोबर 2017 पासून नव्या मॉडेलना धडकचाचणी सक्तीची झाली, जुलै 2019 पासून चालकासाठी एअरबॅग. आणि डिसेंबर 2018 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळवले. त्या चाचणीत भारतात बनलेल्या गाडीला मिळालेले ते पहिले पाच तारे. शून्यापासून पाचपर्यंत, पाच वर्षांच्या आत. मुलांच्या सुरक्षेत मात्र तिला तेव्हा तीनच तारे होते, हेही सांगायला हवं. मागोमाग अल्ट्रोज, एक्सयूव्ही 300, एक्सयूव्ही 700 आल्या आणि 2022 मध्ये अधिक कडक नियमांखाली चाकणच्याच कुशाक, टायगुन आणि स्कॉर्पिओ-एन.

ही मजल एका उडीत मारलेली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी हा फियाटचाच आराखडा. परवाना राज्यात तो दशकानुदशकं तसाच विकला गेला, कारण शर्यतीत दुसरं कुणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. मग 1998 मध्ये टाटांनी इंडिका आणली. तिचा कारखाना कुठला? ऑस्ट्रेलियात बंद पडलेला निस्सानचा कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजांनी पुण्याला आणून पुन्हा उभा केला! पहिल्या इंडिकांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. 2001 मध्ये सुधारलेली व्ही2 आली. 2003 मध्ये तीच इंडिका सिटी रोव्हर नावाने ब्रिटनला गेली आणि तिथल्या समीक्षकांनी तिची यथेच्छ खिल्ली उडवली. पाच वर्षांनी, 2008 मध्ये, टाटांनी ब्रिटनच्या जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्याच विकत घेतल्या. 2019 च्या हॅरियरचा पाया लँड रोव्हरच्या आराखड्यावरून आला. चिडून केलेली खरेदी असं कुणी म्हणेल, पण शिकवणी म्हणून ती स्वस्त पडली.

मग सगळंच जमलं का? नाही. धडकचाचणीत चांगल्या देशी गाड्या आज पाच तारे मिळवतात, हे आकडे सांगतात. दार आणि बॉडीमधली फट चारी बाजूंनी सारखी असणं, प्लास्टिकच्या कडा, पडद्यावरचं सॉफ्टवेअर, पहिल्या वर्षी येणाऱ्या बारीकसारीक कुरबुरी, यांत जपानी शिस्त अजून पुढे आहे. नव्या देशी मॉडेलची पहिली खेप घेऊ नये, हे मी घरच्यांनाही सांगतो.

पण शिस्तीच्या घरातही केवढं मोठं भगदाड पडू शकतं, ते पाहा. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू, फोर्ड अशा नामवंतांच्या गाड्यांत होत्या. वायू तयार करायला तिने अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहून ते मिश्रण बिघडलं आणि धडकेच्या वेळी धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसांना लागले. माणसं दगावली. वाहनांच्या इतिहासातलं सर्वांत मोठं परत बोलावणं यातून झालं आणि 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. थंड, कोरड्या हवेत हा दोष कितीतरी मंद होता. आपल्याकडे उन्हाळा 45 अंशांवर जातो आणि धानाच्या दिवसांत बांध्या तुडुंब भरलेल्या असतात. गाडी कुठल्या हवेत चालणार, हा दर्जाचाच भाग आहे.

ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. समोरून 64, बाजूने 50 आणि खांबावर 29 किलोमीटर वेगाने धडक. ती ऐच्छिक आहे, म्हणजे कंपनीची मर्जी. म्हणून गोंदियाला किंवा नागपूरला गाडी घ्यायला गेलात की बोनेट वाजवत बसू नका. तारांकनाचं स्टिकर मागा आणि त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने तपासा. मोठ्यांचे तारे आणि मुलांचे तारे वेगळे असतात, दोन्ही वाचा. स्टिकर नसेल तर का नाही, ते विक्रेत्यालाच विचारा. आणि गाडी दारात आली की मागच्या सीटवरच्या आजीलाही पट्टा लावायला लावा. चाचणीत माणसांच्या जागी बसवलेल्या पुतळ्यांनाही तो लावलेला असतो.