संग्रामदुर्ग : चाकणचा खंदक आणि फिरंगोजींची झुंज

पुण्याहून नाशिक रस्त्याने तीसेक किलोमीटरवर चाकण लागतं. कांद्याच्या बाजारामुळे आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. गावालगतच्या संग्रामदुर्गाकडे मात्र क्वचितच कोणी वळतं. गड म्हटला की आपल्याला चढण हवी, आणि हा तर सपाटीवरचा भुईकोट.

डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. भुईकोटाला राखतो खंदक. संग्रामदुर्गाची मूळ रचना जवळजवळ चौकोनी. उंच तट, कोपऱ्यांवर बुरूज, आत शिरायला एकच वाट आणि तिच्यावर एकामागून एक पाच-सहा दरवाजे. भोवती सुमारे 30 फूट रुंद, 15 फूट खोल खंदक; पाणी फक्त उत्तरेच्या बाजूला. त्याबाहेर मातीचा पडकोट, त्यालाही स्वतंत्र खंदक.

किल्ला जुना आहे. पंधराव्या शतकात बहमनी सरदार मलिक-उत्-तुजारने कोकणच्या मोहिमेसाठी चाकणलाच ठाणं केलं होतं. पण हा किल्ला ओळखला जातो तो 1660 च्या पावसाळ्यामुळे.

मोगल सुभेदार शाहिस्तेखान तेव्हा पुण्यात येऊन बसला होता. अहमदनगरहून येणारी रसद सुरक्षित राहावी म्हणून त्याला चाकण हवं होतं. 21 जूनला त्याने वेढा घातला. आत शिवाजी महाराजांचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर शिबंदी. कोसळत्या पावसात मोर्चे चिखलात रुतत होते, वरून तटावरच्या तोफांचा मारा. अखेर खानाने जमिनीखालून वाट काढली. आपल्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत भुयार खोदून 14 ऑगस्टला सुरुंग उडवला. बुरूज माणसांसकट आकाशात उडाला. तरीही खिंडार लढवलं गेलं आणि मोगलांना ती रात्र तटाखालीच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांचे 268 जण ठार आणि 600 जखमी झाले होते.

खानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. ती नाकारून ते महाराजांकडे परतले. एवढ्याशा भुईकोटाने 55 दिवस घेतले, तर राजगड किती घेईल? हा हिशेब खानाला नक्कीच सुचला असणार. चाकणनंतर गडांच्या वाटेला न जाता त्याने पुण्यात तळ ठोकला.

आज तट ढासळले आहेत, खंदकही पहिल्यासारखा उरलेला नाही. गडकोटांच्या साफसफाईला दर रविवारी निघणाऱ्या तरुण मंडळींनी एखादा रविवार संग्रामदुर्गालाही द्यावा.