नकार जिथे कमी पडतो

रेल्वेच्या डब्यात दोन अनोळखी माणसं भेटतात. त्यातला एक दुसऱ्याला सुचवतो : तुझ्या बायकोला मी मारतो, माझ्या बापाला तू मार, तुझामाझा काही संबंध नाही, म्हणून पोलिसांना खुनाचा हेतू सापडणार नाही आणि आपण दोघेही सुटू. पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेची 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' ही पहिली कादंबरी 1950 साली प्रसिद्ध झाली ती या कल्पनेवर. कल्पना इतकी लख्ख आहे, की अनेकांना कादंबरी म्हणजे तेवढीच वाटते. खरं तर खुनांच्या अदलाबदलीचा हा सौदा कधी ठरतच नाही. हेन्स हा तरुण वास्तुरचनाकार तो ऐकून किळसतो, नकार देतो आणि निघून जातो. तरीही पुढे त्याच्या हातून खून होतो. नकार देणारा माणूस तिथपर्यंत पोचतो कसा, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे. हायस्मिथ यांचं उत्तर आजही अस्वस्थ करतं, कारण त्यात दोष योगायोगाचा नाही आणि एकट्या विकृत माणसाचाही नाही. मोठा वाटा आहे तो सज्जन माणसाच्या गप्प बसण्याचा.

रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर वाढलेल्या मराठी वाचकाला संकट बाहेरून येतं आणि नायक त्याला पुरून उरतो, अशी सवय असते. इथेही संकट बाहेरूनच येतं. सौदा सुचवणारा चार्ल्स ब्रूनो हा श्रीमंत घरातला, दारूच्या आहारी गेलेला, बापाचा द्वेष करणारा तरुण आहे. हेन्सची बायको मिरियम हिला दुसऱ्या पुरुषापासून दिवस गेले आहेत. तिच्याकडून घटस्फोट मिळाला की हेन्सला ॲनशी लग्न करायचं आहे, आणि हे सगळं तो प्रवासात ब्रूनोजवळ बोलून बसतो. पुढे एका जत्रेसारख्या करमणुकीच्या बागेत ब्रूनो मिरियमचा गळा दाबतो. इथून कादंबरीची खरी पकड सुरू होते. हेन्सला संशय येतो, पण तो पोलिसांना सांगत नाही. सांगितलं, तर आपणच खून करवला असं लोक म्हणतील, ही भीती एक. आणि मिरियम वाटेतून दूर व्हावी असं आपल्याही मनात होतं, ही बोचणी दुसरी. आता माझ्या बापाला मार, असा तगादा लावणारी ब्रूनोची पत्रं येऊ लागतात, तरी तो गप्प. ॲनलाही तो काही सांगत नाही. प्रत्येक मौनानंतर सत्य बोलणं आणखी अवघड होतं, कारण आता 'एवढे दिवस का लपवलंस?' याचंही उत्तर द्यावं लागणार. ब्रूनोच्या हातातलं सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे हेन्सची ही साचत गेलेली चुप्पी.

यावर पहिला आक्षेप असा, की सगळा डोलारा एका योगायोगावर उभा आहे. पण तो योगायोग घडतो सुरुवातीलाच, आणि त्यातली माणसांची वागणूक तर रोजच्या ओळखीची आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1908 साली परक्या माणसावर लिहिताना नोंदवलं होतं, की जवळच्यांपासून जपलेल्या गोष्टी लोक परक्यापाशी मोकळेपणाने बोलतात. पुन्हा भेट होणार नाही, या भरवशावर हा मोकळेपणा टिकतो. हायस्मिथ यांनी तोच भरवसा काढून घेतला : परका परत येतो, आणि आपण बोललेलं तो विसरलेला नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सुसंस्कृत, यशाच्या उंबरठ्यावरचा माणूस केवळ ब्रूनोच्या छळाला कंटाळून त्याच्या बापाला, एका अनोळखी वृद्धाला, गोळी घालेल का? आल्फ्रेड हिचकॉक यांच्या या कादंबरीवरच्या 1951 च्या चित्रपटाची पटकथा लिहिताना रेमंड चँडलर यांच्यासारख्या कसलेल्या लेखकालाही ही गोष्ट प्रेक्षकाच्या गळी उतरवणं कठीण वाटलं होतं. पडद्यावरचा नायक टेनिस खेळाडू आहे आणि तो खून करत नाही. रात्री तो ब्रूनोच्या घरात शिरतो ते त्याच्या बापाला सावध करायला. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नीतिसंहितेत खुनी नायक सहीसलामत सुटणं शक्यही नव्हतं. चित्रपट उत्तम आहे, पण त्याने कादंबरीचा कणाच बदलला. कादंबरी वेळ घेते. झोप उडते, जवळच्या माणसांपर्यंत निनावी पत्रं पोचतात, ब्रूनो बापाच्या घराचा नकाशा पाठवतो, आणि घरं बांधणाऱ्या या माणसाला तो नकाशा पाठ होतो. कुठल्याही एका पानावर हेन्स खुनी व्हायचं ठरवत नाही, म्हणूनच त्याचं खुनी होणं पटतं. निर्णय एकदाच घ्यायचा असतो असं आपण समजतो. इथे तो तुकड्यातुकड्याने, न बोलता, घेतला गेला आहे.

तिसरा आक्षेप नीतीचा : खुन्याच्या मनात वाचकाला इतका वेळ बसवलं, की त्याच्याबद्दल कणव वाटू लागते. वाटते खरी, पण कणव म्हणजे माफी नव्हे. ब्रूनो बोटीवरून समुद्रात पडतो, तेव्हा त्याला वाचवायला हेन्स उडी मारतो, इतका तो त्याच्याशी बांधला गेलेला आहे. ब्रूनो बुडतो, हेन्स सुटतो, आणि इथे सौम्य लेखकाने कादंबरी संपवली असती. हायस्मिथ त्याला बोलायला लावतात. तो मिरियमच्या प्रियकराला, ओवेनला, गाठून सगळं कबूल करतो, आणि ओवेनला त्याचं फारसं काही वाटत नाही. ज्याने सर्वांत आधी संतापायला हवं तोच थंड राहतो. ती कबुली गुप्तहेर जेरार्डच्या कानी पडते, म्हणून कायद्याचा हिशेब पुरा होतो; पण हायस्मिथ यांचा रोख ओवेनच्या थंडपणावरही आहे. गुन्हा एका माणसाच्या मौनावर वाढतो आणि इतरांच्या बेपर्वाईवर टिकतो.

आज अनोळखी माणसांच्या गाठभेटीवर रचलेल्या थरारकथा भरपूर येतात, आणि त्यांचं मोल बहुधा शेवटच्या धक्क्यावर ठरतं. तो कळला की पुस्तक संपतं. या लेखात कादंबरीचा शेवट उघड सांगितला आहे, आणि तरीही ती वाचायला हवी असं ठामपणे म्हणता येतं. कारण तिचा ताण 'पुढे काय होणार' यावर अवलंबून नाही. प्रत्येक प्रकरणात हेन्सला खरं बोलण्याची एक संधी असते आणि ती हुकताना आपल्याला दिसते. मनोविश्लेषणात्मक थरारकथेची कसोटी हीच असावी : शेवट ठाऊक असतानाही, मधल्या एखाद्या पानावर 'आता तरी सांगून टाक' असं पात्राला ओरडून म्हणावंसं वाटतं का? हायस्मिथ यांच्या या पहिल्याच पुस्तकात ते पानोपानी वाटतं, आणि आपण स्वतः कुठे कुठे नुसत्या मनातल्या नकारावर समाधान मानलं, याचीही झाडाझडती सुरू होते.