जॅझमधला खर्ज

चाकण, भोसरी, चिंचवड या बाजूला राहणाऱ्यांना एक अनुभव नेहमीचा आहे. लग्नसराईच्या दिवसांत रात्री अंगणात बाज टाकून पडावे. दूर कुठेतरी वरात निघालेली असते. सनई ऐकू येत नाही, गाणे कोणते चालले आहे तेही कळत नाही. ऐकू येतो तो फक्त ढोलाचा ठोका. कारखान्यातल्या मोठ्या प्रेसचा दणकाही असाच येतो. तो कानाच्या आधी बाजेच्या माचव्यालाच कळतो. असे का व्हावे? बारीक, उंच स्वर वाटेतल्या भिंतींनी आणि झाडांनी अडवले जातात. जाड, खालचे स्वर वळसा घालून पुढे येतात.

आज ज्या वाद्याविषयी आपण बोलणार आहोत, ते या खालच्या स्वरांचे वाद्य आहे. त्याचे नाव डबल बास. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचे, पण जमिनीवर उभे करून मिठीत धरावे लागणारे. त्याला चार जाड तारा असतात. पूर्वी त्या आतड्याच्या असत, पुढे पोलादी आल्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णी लोकांनी जे जॅझ संगीत घडवले, त्यात हे वाद्य बहुधा गजाने न वाजवता बोटांनी छेडून वाजवतात. तुम्ही म्हणाल, आमच्या गावाचा आणि या परदेशी अवजड वाद्याचा संबंध काय? संबंध आहे. तो हळूहळू उलगडू.

आधी आवाजाचे पाहू. डबल बासची सर्वांत खालची तार एका सेकंदात सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या स्वराची हवेतली एक लाट आठ मीटरांहून लांब, म्हणजे शाळेच्या वर्गखोलीएवढी भरते. एवढा खालचा स्वर काढायचा तर तार लांब हवी, जाड हवी आणि तिचा आवाज वाढवणारी पेटीही मोठी हवी. हे तत्त्व आपल्याला परके नाही. देहू-आळंदीच्या भजनी मंडळात पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती कशासाठी? वजन वाढले की कातडे सावकाश हलते आणि नाद खाली उतरतो. बासची जाड तार आणि पखवाजाची कणीक यांचे काम एकच.

आता या वाद्याचे खरे कर्तव्य पाहा. आपल्या गाण्यात मागे तानपुरा असतो. तो एका जागी स्थिर राहतो, आणि त्या स्थिर स्वरावर गवई हिंडतो. जॅझमध्ये असे नाही. तिथे तीन-चार स्वर एकदम वाजून एक स्वरमेळ होतो, आणि गाण्याच्या ओघात हे मेळ सारखे बदलत असतात. म्हणजे पायाखालची जमीनच बदलत असते म्हणा ना! त्या बदलत्या जमिनीवरून सर्वांना नेण्याचे काम बासवादकाचे. चार मात्रांचा एक खंड. दर मात्रेला एक स्वर. पहिल्या पावलाला बहुधा मेळाचा मुख्य स्वर, आणि पुढची तीन पावले अशी टाकायची की पुढच्या मेळाच्या दारात अचूक पोचावे. या वाजवण्याला तिकडे ‘चालता बास’ म्हणतात. कॅन्सस सिटी या शहरात वॉल्टर पेज नावाच्या वादकाने ही चाल विशेष नावारूपाला आणली. पुढे काउंट बेसी यांच्या ताफ्याला त्याच चालीने पाठबळ दिले.

हे स्वर लिहून आणलेले नसतात, बरं का. आपला गवई जशी जागच्या जागी तान घेतो, तसाच जॅझचा तुताऱ्या किंवा पियानोवाला जागच्या जागी रचना करीत असतो. तो पुढच्या क्षणी काय करील हे बासवादकाला ठाऊक नसते. त्याने कान देऊन ऐकायचे, पाऊल निवडायचे आणि लय तसूभरही हलू द्यायची नाही. तानपुऱ्याचा आधार आणि तबल्याचा ठेका ही दोन्ही कामे एकटा माणूस करतो, आणि तेही चालता चालता!

यात कसब कुठे आहे ते समजण्यासाठी थोडे माप घेऊ. व्हायोलिनच्या तारेच्या वरच्या टोकाशी एक अर्धस्वर चढायला बोट सुमारे दोन सेंटिमीटर सरकवावे लागते. डबल बासवर त्याच जागी सुमारे सहा सेंटिमीटर. पंजा ताणला तरी त्याखाली एका तारेवर जेमतेम एक पूर्ण स्वराचे अंतर येते. पुढे जायचे तर सगळा हातच धावला पाहिजे. पट्टीवर सतारीसारखे पडदे नाहीत. सारंगीप्रमाणे स्वराची जागा कानानेच शोधायची. जाड तार दाबून धरायला मनगटात बळ हवे. त्यात पूर्वी ध्वनिवर्धकाची सोय नव्हती. तुताऱ्यांच्या गर्जनेतून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर तार जोराने ओढावी लागे. अशा वाद्यावर कोणी व्हायोलिनसारखी पल्लेदार धून सहज वाजवू लागला, तर ऐकणाऱ्याला बैलगाडी घोड्याच्या चालीने धावताना पाहिल्याचा आनंद होतो.

हा आनंद जगाला दिला तो जिमी ब्लँटन या पोराने. होय, पोरगाच तो. त्याचा जन्म १९१८ सालचा. लहानपणी तो व्हायोलिन शिकला होता. १९३९ साली ड्यूक एलिंग्टन यांनी त्याला सेंट लुइस शहरात ऐकले आणि आपल्या ताफ्यात घेतले. तोवर बासने मागे उभे राहून मात्रा मोजायच्या, असाच बहुतेकांचा समज होता. एलिंग्टन यांनी नुसता पियानो आणि नुसता बास अशा जोडीने ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांत ब्लँटन छेडतो, गज फिरवतो, प्रश्न विचारतो, उत्तर देतो. पण मौज अशी, की तो बोलत असतानाही पाया हलत नाही. पुढच्या पिढीतल्या बासवादकांनी त्याच्यापासूनच धडा घेतला.

दोन-अडीच वर्षे हे चालले. १९४२ च्या जुलैमध्ये ब्लँटन क्षयाने वारला. वय अवघे तेवीस. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिने आधी पेनिसिलीन केले, आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. ज्या औषधाच्या कुप्या पिंपरीहून देशभर गेल्या, तेच औषध थोडे आधी मिळते, तर कदाचित तो हात आणखी कितीतरी वर्षे चालता!

जॅझ आपल्याकडे आले ते मुंबईच्या वाटेने. १९३५ साली लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या सुमारास गोव्याचे अनेक तरुण पोटासाठी मुंबईत होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत, त्यामुळे हे नवे संगीत त्यांनी झपाट्याने उचलले. त्यांतले एक अँटोनिओ झेवियर वाझ. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत. तुतारी, म्हणजे ट्रम्पेट, हे त्यांचे वाद्य. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी त्यांना चित्रपटसंगीतात जवळ केले. भगवानदादांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ची गाणी माहीत नाहीत असा माणूस विरळा. त्या चित्रपटात चिक चॉकलेट यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीत दिग्दर्शकाचे असे. मागे उभा राहून बास छेडणाऱ्याचे नसे. गाणी आपल्याला पाठ आहेत, पण ज्याच्या पावलावर ती चालली त्याला आपण ओळखत नाही.

पायाच्या दगडाच्या वाट्याला याहूनही कडू अनुभव येतो. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक यांचा चौघांचा संच भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला. सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांची आणि ब्रूबेक यांची भेट तेव्हाचीच. त्या संचात बास वाजवीत होते यूजीन राइट. चौघांत तेवढे एकच कृष्णवर्णी. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कॉलेजांत या संचाचा दौरा ठरला होता. बहुतेक कॉलेजांनी अट घातली, की बासवादक गोरा हवा. ब्रूबेक यांनी ती मानली नाही. कार्यक्रम गेले, पैसे गेले. राइट जागचे हलले नाहीत. ज्याच्या स्वरावर सर्वांनी उभे राहायचे त्यालाच उंबऱ्याबाहेर उभे करायचे, ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाही. तेव्हा या हकिगतीचे मर्म मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

आता शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. रेडिओच्या किंवा मोबाइलच्या लहान कर्ण्यातून ४१ कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाही. तरीही आपल्याला बास ऐकू येतो, तो कसा? तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघत असतात. ते कर्ण्यातून येतात, आणि त्यांवरून आपला मेंदू नसलेला मूळ स्वर भरून काढतो. पाऊलखुणांवरून बैल ओळखावा तसे हे आहे.

पण खरा खर्ज अंगाने कळायला हवा. त्यासाठी तेलाचा रिकामा चौकोनी डबा घ्या. कडा ठोकून बोथट करा. बुडाला मधोमध भोक पाडून जाड सुतळी ओवा, आतून पक्की गाठ मारा. डबा पालथा घालून एका मुलाने त्यावर पाय रोवावा, सुतळीचे दुसरे टोक काठीला बांधावे, आणि काठीचे खालचे टोक डब्याच्या कडेवर टेकवून सुतळी छेडावी. काठी मागे ओढली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांत कपडे धुण्याच्या टबाला दोरी बांधून असाच बास करीत. आणि नीट पाहिले, तर आपल्या शाहिराच्या मागचे तुणतुणे तरी दुसरे काय आहे? एक लाकडी नळकांडे, एक कातडे, एक तार! एकाच गोष्टीचा धोशा लावणाऱ्याला आपण ‘तेच तुणतुणे’ म्हणून हिणवतो. पण ते थांबले तर शाहिराचा पोवाडा उघडा पडेल.

वर्गात मुलांना एखादे चार मात्रांचे गाणे म्हणायला सांगा. एकाने दर मात्रेला सुतळी छेडावी. दोन कडवी झाली की त्याला खुणेने थांबवा, आणि मुलांना विचारा, काय गेले? सूर तेच, शब्द तेच. तरी काहीतरी गेले हे पहिलीतले पोरही सांगेल.

पुढे कधी रेडिओवर जॅझ लागले, तर पहिल्या वेळी तुतारीकडे लक्ष जाईल, जाऊ द्या. दुसऱ्या वेळी मात्र कान खाली न्या. तिथे कोणीतरी एकेक पाऊल टाकीत चाललेला असेल. तो एकदा सापडला, की वरचे सगळे संगीत त्याच्या खांद्यावरून चालले आहे असे वाटेल, आणि मध्येच तो मान वर करून चार वाक्ये बोलला, तर त्याचा तो बोल तुम्ही कधी विसरणार नाही.