ताकद वाढविलेल्या ट्रॅक्टरास टिकाऊ क्लच कोणता घ्यावा ?

माण तालुक्यांत ट्रॅक्टर म्हणजे नांगरटीचें व पेरणीचें यंत्र, अशी समजूत फार दिवस होती. आतां तसें राहिलें नाहीं. उरमोडी व जिहे-कठापूर योजनांचें पाणी तालुक्याच्या कांहीं भागांत आल्यापासून खत, चारा, मुरूम, वीट आणि हंगामांत ऊंस यांची ओढ ट्रॅक्टरावर पडली आहे. ज्याच्या मागें नांगर वर्षांतून महिनाभरहि नसतो, पण ट्रॉली मात्र कधीं सुटत नाहीं, असे ट्रॅक्टर आतां पुष्कळ गांवीं दिसतात. ओझें जड, त्यांत मोगराळे घाटासारखी चढण. तेव्हां मालक मिस्त्रीकडे जातो आणि डिझेल पंपाचें सील तोडून डिझेलाचें प्रमाण वाढवून घेतो. ताकद वाढते, धूरहि वाढतो, आणि हंगाम निम्म्यावर येतो न येतो तोंच क्लच घसरूं लागतो. मग आमच्याकडे विचारणा येते कीं, टिकाऊ प्लेट कोणत्या कंपनीची ?

प्रश्न रास्त आहे, परंतु कंपनीच्या नांवापासून त्याची सुरुवात करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आधीं क्लच जळतो कशानें तें पाहूं.

इंजिनाच्या टोंकास फ्लायव्हील असतें. त्याच्या व प्रेशर प्लेटच्या मध्यें घर्षणाची पट्टी लावलेली क्लच प्लेट स्प्रिंगांच्या दाबानें धरलेली असते, आणि तिच्यामार्फत इंजिनाचा पीळ गिअरांकडे जातो. पन्नास अश्वशक्तीचें इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असतां सुमारें १८ किलोग्रॅम-मीटर पीळ देतें. म्हणजे आंसास एक मीटर लांबीचा दांडा आडवा बसवून त्याच्या टोंकास १८ किलोचें वजन टांगल्यास जो जोर पडेल तेवढा. पंप वाढवून तेंच इंजिन साठ अश्वशक्तीचें केलें तर हा आंकडा साडेएकवीसच्या आसपास जातो. आतां क्लच किती पीळ धरूं शकतो तें पहा. स्प्रिंगांचा दाब, पट्टीच्या घर्षणाचा अंक, पट्टीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या या चौघांचा गुणाकार म्हणजे क्लचची धारणशक्ति. उदाहरणादाखल ११ इंची प्लेट घ्या. दाब ६०० किलो, घर्षणाचा अंक ०.३, सरासरी त्रिज्या ११ सेंटिमीटर व बाजू दोन धरल्या, तर उत्तर सुमारें ४० किलोग्रॅम-मीटर येतें. म्हणजे ताकद वाढविलेल्या इंजिनालाहि हा क्लच पुरून उरावयास पाहिजे. तरी तो घसरतो, तो कां ?

याचें एक उत्तर असें कीं, वरील चार आंकड्यांपैकीं दोन आंकडे ट्रॅक्टर जुना होईल तसतसे खालीं येतात. स्प्रिंगा तापून नरम पडल्या व दाब ६०० चा ४५० झाला, आणि इंजिनाच्या मागील ऑईल सीलांतून झिरपलेलें तेल पट्टीस लागून घर्षणाचा अंक निम्मा झाला, कीं चाळिसाचे पंधरा होतात. मग पंप न वाढविलेलें इंजिनहि त्या क्लचला घसरविल्याशिवाय राहत नाहीं. पायाखालच्या पेडलला मोकळें अंतर न राहिल्यासहि हाच परिणाम होतो. बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर सतत दाबून राहतें आणि तेवढा दाब प्लेटवरून कमी होतो. पट्टी झिजते तसें हें अंतर आपोआप कमी होत जातें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. उभी गाडी क्लच सोडून उठविली म्हणजे ती ज्या वेगास पोंचते त्या वेगांतील शक्तीइतकीच उष्णता क्लचमध्यें उत्पन्न होते. चढावर तर याहूनहि जास्त. ही शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ट्रॅक्टर व भरलेली ट्रॉली मिळून बारा टन वजन ताशीं ५ किलोमीटर वेगाच्या गिअरांत उठविलें तर जी उष्णता होते, तिच्या चौपट उष्णता ताशीं १० किलोमीटरच्या गिअरांत उठविल्यास होते. गिअर एक-दोनच वर घेतले, पण क्लचवरचा भार चौपट झाला ! पंप वाढविण्यापूर्वीं वरच्या गिअरांत इंजिन बंदच पडे, म्हणून चालक नाइलाजानें खालचा गिअर घेई. आतां बंद पडत नाहीं, म्हणून तो वरच्यांतच उठवितो; शिवाय ट्रॉलीवर टन-दोन टन अधिक चढलेले असतात. आमचें मत असें आहे कीं, वाढलेल्या पंपापेक्षां त्याच्यामुळें बदललेली हांकण्याची रीतच क्लचचा अधिक नाश करते. उतारावर किंवा वजनकाट्याच्या रांगेंत ब्रेक न दाबतां अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणें हें तर सर्वांत वाईट. तेथें गाडी जागची हालत नाहीं, आणि इंजिनाची सर्व मेहनत पट्टी भाजण्यांत जाते.

हें ध्यानांत ठेवून पट्ट्यांचे प्रकार पाहावे. नेहमींची पट्टी तंतु, राळ व तांब्या-पितळेच्या तारा यांची केलेली असते. ती हळुवार धरते, धक्का देत नाहीं, आणि तिचा घर्षणाचा अंक साधारण ०.३ च्या आसपास असतो. परंतु सुमारें २५० अंश सेल्सिअसच्या पुढें उष्णता गेली कीं राळ जळूं लागते, विशिष्ट उग्र वास येतो व पट्टीवर कांचेसारखी चकाकी धरते. पूर्वीं या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस घालीत; तिची धूळ फुफ्फुसांस घातक आहे, म्हणून जुना क्लच उघडतांना आंतील भुकटी हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून काढावी. केवलार नांवाच्या कृत्रिम तंतूची पट्टी हळुवारहि असते व सावकाश झिजते, परंतु एकदां अति तापली कीं तीहि बिघडते. तिसरा प्रकार धातु व सिरॅमिक यांची भुकटी दाबून भाजलेल्या चकत्यांचा. अशा तीन, चार किंवा सहा चकत्या प्लेटवर बसविलेल्या असतात. साध्या पट्टीहून बरीच अधिक उष्णता ती सोसते, आणि तिचा अंक ०.४ धरला तर वरील उदाहरणांतील चाळिसाचे त्रेपन्न होतात. बाजारांत टिकाऊ म्हणून जी दाखवितात ती बहुधा हीच.

घर्षणाच्या पट्टीचा धंदा गाडीवानापासूनच निघाला, असें सांगतात. इंग्लंडांतील हर्बर्ट फ्रूड याला डोंगराळ रस्त्यानें उतरणाऱ्या घोडागाड्यांचे गाडीवान ब्रेकच्या लांकडास जुन्या बुटांचे तुकडे लावतांना दिसले. त्यावरून त्यानें प्रयोग केले आणि १८९७ सालीं फेरोडो हा कारखाना काढला. शिंगणापूरचा घाट बैलगाडीनें उतरलेल्या माणसास त्या गाडीवानांची अक्कल पटेल.

सिरॅमिक प्लेट घेण्याची घाई मात्र करूं नये. ती एकदम पकडते, त्यामुळें गिअरांस व ट्रॉलीच्या दांड्यास हिसका बसतो, आणि ती फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजविते. ती घ्यावयाची तर जिच्या मध्यभागीं धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा आहेत तीच घ्यावी. आणखी एक मोह म्हणजे जादा कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट. तिनें धारणशक्ति वाढते खरी, पण पेडल दगडासारखें जड होतें, आणि प्रत्येक दाबीला तो जोर क्रँकशाफ्टच्या वाशरांवर जाऊन तीं झिजतात. याच्या उलट, आपल्याच मॉडेलास कारखान्यानें मोठ्या व्यासाची प्लेट दिली असेल आणि ती आपल्या फ्लायव्हीलवर बसत असेल, तर तिला आम्ही पहिली पसंती देऊं. त्रिज्या वाढते, उष्णता अधिक जागेवर पसरते आणि पेडल जड होत नाहीं. ज्याचा ट्रॅक्टर मुख्यतः शेतांत व रोटावेटरवर चालतो त्यानें साधी मूळ पट्टीच घालावी. डबल क्लच असेल तर डबलच ठेवावा. जो सबंध हंगाम जड ट्रॉली ओढतो आणि ज्याचा चालक एकच व समजुतीचा आहे, त्यानें मूळ दाबाच्या प्रेशर प्लेटसह सिरॅमिक प्लेट घालण्यास हरकत नाहीं. रोज नवा चालक बसत असेल तर कोणतीहि प्लेट टिकणार नाहीं.

आमचाच अनुभव सांगतों. आमच्या ट्रॅक्टराची प्लेट जळली तेव्हां आम्हीं भारी किंमतीची सिरॅमिक प्लेट आणून बसविली. मिस्त्री कामांत घाईचा. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, तें घांसून घेण्यास त्यानें सांगितलें नाहीं आणि आम्हींहि विचारलें नाहीं. वीस-बावीस दिवसांत क्लच पुन्हां घसरला. ट्रॅक्टर मध्यावर सोडवून उघडतांच आंत तेल दिसलें. मागील सीलच गळत होतें, आणि पहिल्या प्लेटचा घात त्यानेंच केला होता. सीलाची किंमत प्लेटच्या मानानें क्षुल्लक. पण दोन वेळां ट्रॅक्टर उघडण्याची मजुरी व ऐन हंगामांतील आठ दिवस आमच्या अंगावर आले. तेव्हांपासून ट्रॅक्टर उघडला कीं मागील सील, क्लचचें बेअरिंग व फ्लायव्हीलमधील लहान बेअरिंग हीं एकदमच तपासून घेण्याचा आम्हीं नेम केला आहे. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांना निळे डाग वा बारीक चिरा असल्यास तीं घांसून किंवा बदलून घेतल्याशिवाय आम्ही नवी प्लेट बसवूं देत नाहीं.

पैशाहून मोठी गोष्ट घाटाची आहे. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांस स्वतंत्र ब्रेक नसतो. भर चढणीवर क्लच घसरला म्हणजे सर्व वजन ट्रॅक्टराच्या ब्रेकवर येतें, आणि ट्रॉली मागें ओढूं लागली तर ट्रॅक्टर आडवा होण्यास वेळ लागत नाहीं. अशा वेळीं पुन्हां पुन्हां अर्ध्या क्लचवर गाडी उठविण्याचा प्रयत्न करूं नये; ब्रेक धरून ट्रॉलीच्या चाकाखालीं दगड लावावा, ओझें कमी करावें किंवा दुसऱ्या ट्रॅक्टराची मदत घ्यावी. पंप वाढविल्यानें कारखान्याची हमी जाण्याचा संभव असतो, आणि नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालीं वर्ज्य आहे, हेंहि मालकांनीं विसरूं नये. घेणें असेल तर जादा ताकदीचा ट्रॅक्टर घ्यावा. पन्नासाचे साठ करून घाट चढण्यांत आम्हांस शहाणपण दिसत नाहीं.

नवी प्लेट बसविल्यावर पहिले कांहीं दिवस हलकें काम द्यावें, म्हणजे पट्टी सर्व बाजूंनीं सारखी बसते. लगेच भरली ट्रॉली जोडल्यास ती उंच ठिकाणींच घासून तापते. हे दिवस संपल्यावर पेडलचें मोकळें अंतर ट्रॅक्टराबरोबर आलेल्या पुस्तकांतील मापाप्रमाणें पुन्हां लावून घ्यावें, आणि पुढें हंगाम चालूं असेपर्यंत दर आठवड्यास तें हातानें दाबून पाहावें.