तेजीतही साखळी का वाढते?

साखळी विक्रीच्या योजना मंदीत, बेकारीतच फोफावतात असा समज आहे. पण ‘स्पीक एशिया’ आठवा. ११ हजार रुपये भरा, ऑनलाइन सर्वेक्षणे करून कमवा, नवे सभासद आणा, असे सांगणारी ही योजना २०११ मध्ये कोसळली; तोवरच्या वर्षात देशाचा विकासदर आठ टक्क्यांच्या वर होता. तेजीत हाती पैसा असतो, आणि शेजारी पुढे गेल्याची बोचही असते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले, तेव्हा आधीच माल विकून बसलेल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरच्या शेतकऱ्याला बाजार चांगला असूनही आपण मागे पडलो असेच वाटणार. साखळीवाला नेमके तिथेच बोट ठेवतो.

गणित मात्र तेजीला जुमानत नाही. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटले, तर नवव्या पायरीवर एक कोटीहून अधिक माणसे लागतात. बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ लाख होती. साखळी कुठेही थांबली तरी सहापैकी साधारण पाच जणांच्या खाली कोणीच नसते. थेट विक्री कायदेशीर आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी घातली आहे. म्हणून कमाई बाहेरच्या ग्राहकाकडून येते की नव्या सभासदाच्या प्रवेशशुल्कातून, हे आधी विचारा. ‘जास्तीचा पैसा आहे, बुडाला तर बुडाला’ हेही पटत नाही: तेजी टिकत नाही, २०२४ मध्ये सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले, आणि तोवर सभासद केलेले तर मेहुणे-भाचेच असतात.