कोलेस्टेरॉलची साक्ष

डिकिन्सोनिया हा जीव लंबगोल, चपटा, अंगभर पन्हळीसारख्या रेघा असलेला. काहींची लांबी मीटरभराहून जास्त. तोंड नाही, पोट नाही. मग तो प्राणी, दगडफूल की अवाढव्य एकपेशीय जीव? दगडात उमटलेल्या नुसत्या ठशावरून हा वाद मिटेना.

2018 मध्ये तो चरबीच्या रेणूंनी मिटवला. रशियाच्या श्वेत समुद्राकाठच्या कड्यांमध्ये 55.8 कोटी वर्षांपूर्वीच्या काही ठशांवर सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर टिकून होता. संशोधक इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तो सोडवला, त्यातले स्निग्ध रेणू द्रावकात उतरवले आणि वस्तुमान-वर्णपटमापकात सोडले.

हे यंत्र रेणूंचं वजन करतं, पण आधी त्यांना विद्युतभार द्यावा लागतो. तापवून वायुरूप केलेले रेणू लांबलचक नळीतून एकेक गट करून बाहेर पडतात. तिथे इलेक्ट्रॉनचा मारा होतो. रेणू भारित होतात, बरेचसे फुटतात आणि तुकडे वस्तुमानानुसार वेगळे होतात. कोलेस्टेरॉलचा अश्मीभूत अवशेष कोलेस्टेन, त्याचं वस्तुमान 372. हिरव्या शैवालाकडून येणाऱ्या स्टिग्मास्टेनचं 400. दोघांचाही 217 चा तुकडा पडतो, म्हणून आधी कूळ कळतं, मग पूर्ण वजनावरून व्यक्ती.

आजूबाजूच्या गाळात शैवालाचे रेणू वरचढ होते. कोलेस्टेन जेमतेम 11 टक्के. ठशावर मात्र ते 93 टक्क्यांपर्यंत गेलं! कोलेस्टेरॉलचं असं वर्चस्व ही प्राण्यांच्या शरीराची खूण. दगडफुलातली बुरशी एर्गोस्टेरॉल बनवते, आणि त्याचा इथे जवळजवळ मागमूस नव्हता, त्यामुळे दगडफुलाचा दावाही निकालात निघाला. हाडं नसलेल्या जिवाची ओळख त्याच्या चरबीवरून पटावी, याचं मला अतोनात अप्रूप वाटतं.